पाचटाचं खत, कुंडी आणि ते महागडं पीट मॉस

गच्चीवरच्या बागेचे फोटो टाकणाऱ्यांकडे हल्ली इंपोर्टेड पीट मॉसच्या पिशव्या फार दिसतात, आणि उसाच्या पट्ट्यात राहून आपण हे का विकत घेतो ते मला खरंच कळत नाही. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतं, खणून काढलं की त्यातला कार्बन हवेत. आणि इकडे आपण पाचट (ऊस तोडल्यावर उरलेली वाळकी पानं) पेटवतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसानच.

आमच्याकडे सांगली भागात खतासाठी पाचटाची कुट्टी करून खड्ड्यात थर देतात, टनाला साधारण 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, किलोभर कल्चर (कुजवणारे जिवाणू), वरून शेणकाला. पाचटात कार्बन भरमसाट आणि नत्र नावाला, त्यामुळे युरिया नाही घातला तर ते कुजायला लई वेळ घेतं. आणि अर्धकच्चं तसंच कुंडीत भरलं तर जिवाणू कुंडीतलं नत्र आधी स्वतः खातात, झाड पिवळं पडतं, मग लोक म्हणणार खत बोगस होतं! मूठभर घेऊन बघा, काळपट, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास हवा. नाकात झोंबलं तर अजून मुरू द्या. शंका असली तर वाटीभर खतात मेथी टाका, नीट उगवली की खत तयार.

पण व्हिडिओवाले सांगतात तशी अख्खी कुंडी याने भरू नका हं. पीट आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) 4 च्या आसपास, आणि हे खत 7-8 च्या घरात, वर क्षारही जास्त, शिवाय कुंडीतही कुजत राहतं म्हणून माती खाली बसते आणि पाणी तुंबतं. मी चाळलेलं खत तिसरा हिस्सा घेते, तेवढंच कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा, धुऊनच, त्यातही मीठ असतं), बाकी पोयटा आणि भाताचं तूस. शेवंती, क्रोटन, झेंडू, आरेका पाम यात मस्त चालतात, आणि पीटमध्ये अन्न जवळजवळ नसतंच, इथे ते आयतं मिळतं, तेव्हा वरून द्यायची खतं निम्मी करा.

एक्झोरा आणि अझेलियाचं मात्र वेगळं. पीएच चढला की त्यांना लोह उचलता येत नाही, कोवळ्या पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. त्यांना खत अगदी थोडं, कोकोपीट जास्त, आणि चुलीतली राख तर अजिबात नको.