आमची वाटचाल: परतीच्या तिकिटापासून उलटी आखलेली समुद्रसहल

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच. त्यामुळे अंदमान ठरलं की इथल्या माणसाचं सगळं लक्ष पोहोचण्यावर असतं. आमच्या छोट्या सहल-व्यवसायाची पहिली वेळापत्रकंही तशीच होती: पाच रात्री, जमतील तितकी बेटं आणि स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात मारायची बुडी (डाइव्ह), अगदी शेवटी, कारण सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी यावी असा समज. तो क्रम चुकीचा होता. तेव्हापासून आमचं काम म्हणजे तो क्रम उलटा करत नेणं.

सिलिंडरमधली हवा पाण्याच्या दाबाखाली श्वासात घेतली की त्यातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब मात्र साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच. बाहेरचा दाब असा अचानक उतरला की उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, वाईट वेळी पाय लुळे पडतात. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा लागोपाठ काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं, असं डाइव्हिंगच्या वैद्यकीय मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. आम्ही सरसकट २४ तास धरतो. स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगण्याला, ही अट नाही, कारण तिथे श्वास पृष्ठभागावरच घेतला जातो. आमच्या वेळापत्रकाचा सांधा नेमका या फरकावर बसवलेला आहे.

समजा परतीचं विमान रविवारी सकाळी आहे. तर शनिवार कोरडा: फेरीबोटीने पोर्ट ब्लेअरला यायचं (२०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम), दुपारी सेल्युलर जेल. फेरी आणि विमान एकाच दिवशी कधीच ठेवत नाही. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात आणि विमान कुणासाठी थांबत नाही. शुक्रवारी नील, म्हणजे शहीद द्वीप, तिथे भरतपूरच्या किनाऱ्यावर स्नॉर्कलिंग. गुरुवार मोकळा राखीव. स्कुबा बुधवारी, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीपावर. मंगळवारी तिथेच किनाऱ्यालगत अर्धा तास स्नॉर्कल, फक्त मास्कची आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय व्हावी म्हणून. बुधवारी हवा बिघडली किंवा कुणाचा कान बसला, तर गुरुवार हाताशी असतो. पहिल्या वेळापत्रकांत हाच दिवस नव्हता.

नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळूरुला बदलावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी राहत नाही आणि पुढची फेरी, हॉटेल, डाइव्ह सगळं एका ओळीत कोसळतं.

हंगामाचं गणित नागपूरकरांना जड जातं. अंदमानचं पाणी सगळ्यात निवळ आणि शांत असतं ते साधारण जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. नेमके तेच आपल्याकडे परीक्षांचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे परतीचा पाऊस रेंगाळत असतो आणि मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस पोहोचतो. त्यामुळे दिवाळीत जाणाऱ्यांना आम्ही दोन राखीव दिवस घ्यायला लावतो. लहान मुलं नसलेल्यांना मात्र फेब्रुवारीचाच आग्रह. लक्षद्वीपचा हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत, पण तिथे प्रवेशपरवाना लागतो, तो हातात येईपर्यंत कोची-अगत्ती विमानाचे पैसे भरू नयेत. तारकर्ली-मालवण जवळ आणि स्वस्त आहे, पाणी मात्र अंदमानइतकं निवळ नसतं.

महिना ठरला की तिथी बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी जोरात आत-बाहेर होतं, वाळू उसळते, दिसणं कमी होतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा प्रवाह मंद. नील बेटाला तर तिथीइतकीच वेळही महत्त्वाची, कारण ओहोटीला तिथला प्रवाळाचा पट्टा उघडा पडतो आणि पोहण्याऐवजी लोक त्यावरून चालू लागतात. पाय कापतात, प्रवाळ मोडतं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे, तो अंदमानला लावू नये. तिथलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक वेगळं मिळतं.

आता नाक. सगळ्यात जास्त डाइव्ह इथेच फसतात. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. पुढच्या १० मीटरला तो फक्त दीडपट होतो. म्हणजे कानाची खरी परीक्षा पहिल्या काही मीटरांतच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर अर्ध्या मीटरला आणि दुखायच्या आधी. दुखलं तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं, तरीही मोकळं झालं नाही तर डाइव्ह सोडायची. जोर लावून फुंकणं हा उपाय नाही, त्याने कानाच्या पडद्याला इजा होते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या थंडीतून सर्दी घेऊनच लोक निघतात आणि नाक मोकळं करणारी गोळी खाऊन पाण्यात उतरू पाहतात. गोळीचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना सायनसमधली हवा कोंडते, आणि वर तर यावंच लागतं. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कुबा नाही, यावर आम्ही वाद घालत नाही.

वैद्यकीय फॉर्म आम्ही आगाऊ रक्कम घेण्याआधी भरून घेतो. दमा, फिट, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांतलं काही असेल तर डाइव्ह सेंटर डॉक्टरांचं लेखी पत्र मागतं किंवा सरळ नाही म्हणतं. हा फॉर्म पहिल्यांदा बोटीपाशी हातात पडला की माणूस घाईने सगळीकडे ‘नाही’ लिहितो. नागपुरात आपला डॉक्टर हाताशी असताना तो भरला तर खरी उत्तरं मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी प्रशिक्षकासोबतची डाइव्ह १२ मीटरपर्यंत, वय किमान १० वर्षं. प्रमाणपत्राचा ओपन वॉटर कोर्स १८ मीटरपर्यंतचा. त्याला समुद्रात चार डाइव्ह आणि तीन-चार दिवस लागतात. त्याचा अभ्यास घरूनच ऑनलाइन उरकून जावा, नाहीतर बेटावरची संध्याकाळ वाचनात जाते.

मास्क इथेच विकत घ्यावा, बाकी सगळं तिथे भाड्याने चालतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालचा बारीक पट्टा भादरावा, तिथूनच पाणी शिरतं. चष्मेवाल्यांनी नंबरची काच असलेला मास्क मागावा. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे नेमका उणे नंबर मिळाला नाही तर किंचित कमी चालतो. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर काच धुरकटत राहते. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कल मास्क आम्ही देत नाही: त्यांत बाहेर टाकलेली हवा साचू शकते आणि बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही.

सराव ऑक्टोबरमध्ये करावा, पुढे इथल्या जलतरण तलावांचं पाणी गारठतं. दोन रविवार पुरतात. मास्क अर्धा पाण्याने भरायचा, वरची कड कपाळाला दाबायची, मान वर करून नाकाने फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. हे छातीभर पाण्यात दहा वेळा जमलं की समुद्रात चार थेंब आत गेल्यावर माणूस घाबरून वर झेपावत नाही. श्वास रोखून वर येणं ही स्कुबातली सगळ्यात घातक चूक, कारण वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

आदल्या रात्री सावजी नको, सकाळी तर्री पोहेही नकोत. आडवं पोहताना आंबट पाणी घशाशी येतं. बोटीआधी दोन तास इडली किंवा केळं, आणि बोट लागत असेल त्याने डॉक्टरांना विचारून तासभर आधी गोळी घ्यावी. स्नॉर्कल करताना पोटऱ्या आणि मान भाजते. मलमापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग चांगलं. काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेंझोन प्रवाळाला अपाय करतं.

डाइव्ह सेंटर निवडताना आम्ही चार गोष्टी लेखी घेतो: प्रत्येक पाहुण्यामागे एक प्रशिक्षक, बोटीवर ऑक्सिजन, सिलिंडर साधारण २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला आणि ५० बार उरताना पाहुणा वर, आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावरचं दाब-उपचाराचं चेंबर सगळ्यात जवळ कुठे आहे याचं उत्तर. विमा वेगळा वाचावा लागतो, अनेक प्रवास-पॉलिसींत स्कुबा वगळलेलं असतं.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही उचलू नये. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे आणि तो विमानतळावर तपासणीत सापडतो. माशांना पाव टाकणारा बोटवाला असेल तर त्याला नम्रपणे थांबवावं. अंदमानातल्या प्रवाळाने २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापल्याने रंग गमावलेला आहे, त्यावर आपल्या फिनचा (पायात घालायच्या पोहण्याच्या वल्ह्याचा) एक फटकाही जास्तच होतो.

परतीच्या तिकिटाच्या पाठीवर आम्ही पेनाने शेवटची डाइव्ह संपल्याची वेळ लिहायला सांगतो. दोन्ही वेळांतलं अंतर त्या एकाच कागदावर दिसतं.