डलहौसीची वारसनोंद

"सर्कल, आयुष्यभर सातबारे चाळलेत. आता निवांत बसायचं सोडून हे स्कॉटलंड-आयर्लंडच्या सरदारांचे वंशवृक्ष काय घेऊन बसलात?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, तेराव्याला विचारतात. बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो की तिथला शिपाईसुद्धा विचारतो. काहीजण पुढे जाऊन "त्यांच्यात आपलं कोण निघालं का?" असं म्हणून हसतात. इतकी वर्षं मीही हसून सोडून दिलं. आता एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे यापुढे कागद हातात ठेवता येईल.

मी महसूल खात्यात सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी होतो. वारसतपास हे माझं काम होतं. माणूस मेला, मागे कोण राहिलं आणि जमीन कुणाच्या नावावर लावायची, या पलीकडे मी नोकरीत फारसं काही केलं नाही. सरदारांची वंशावळ म्हणजे तीच चौकशी, फक्त कागद जाड आणि वर मोहोर. मुलगी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला असते. जावई मला किल्ले दाखवायला न्यायचा आणि मी त्याला रेकॉर्डबद्दल विचारायचो. तिथे जमिनीच्या व्यवहारांची सरकारी नोंदवही १६१७ पासून सलग आहे. पूर्वी जमीन देताना त्याच जमिनीवर उभं राहून घेणाऱ्याच्या हातात माती आणि दगड द्यायचा आणि नोटरीने ते लिहून घ्यायचं, अशी रीत होती. ती कायद्याने १८४५ मध्ये संपली. वारस ठरवायला गावातले पंच बसायचे. हे वाचल्यावर मी तिथे परका राहिलो नाही. हे ज्याला कळत नाही त्याने कधी ताबेपावतीवर अंगठा घेतलेला नसणार.

आता आणखी एक टोमणा. गोऱ्या लॉर्डांचं कौतुक चाललंय म्हणे. अहो, त्यांच्या वंशावळी वाचल्यावर कुणाचं कौतुक टिकतं? स्कॉटलंडचे स्टुअर्ट राजे स्वतःला बँको नावाच्या सरदाराचे वंशज म्हणवून घ्यायचे. हा बँको हेक्टर बोईस नावाच्या इतिहासकाराने १५२७ च्या ग्रंथात जन्माला घातला. स्टुअर्टांचा खरा मूळ पुरुष ब्रिटनीहून आलेल्या घराण्यातला. त्या घराण्याकडे स्कॉटलंडच्या राजाचं कारभारीपण आलं, म्हणून आडनाव स्टुअर्ट, म्हणजे आपल्या फडणीस-चिटणिसांतलाच प्रकार. आयरिश सरदारांची वंशावळ तर मिलेशियस नावाच्या स्पेनहून आलेल्या पुरुषापासून मागे जात जात थेट नोहापर्यंत पोचते. आमच्याकडे सूर्यवंश, त्यांच्याकडे नोहा. अलीकडचंही एक प्रकरण आहे. बेलफास्टचा टेरेन्स मॅकार्थी. त्याला १९९२ मध्ये आयर्लंडच्या सरकारी वंशावळ कार्यालयाने मॅकार्थी घराण्याचा प्रमुख म्हणून मान्यता दिली. गडी पदव्या विकत बसला. १९९९ मध्ये सगळं बनावट निघालं आणि मान्यता काढून घ्यावी लागली. २००३ मध्ये सरकारने अशा मान्यता देणंच बंद केलं. बोगस वारस उभा करणारे मीही पाहिलेत, पण त्यांची उडी सहसा विहिरीतल्या हिश्शापर्यंतच असायची.

माझा सगळ्यात लाडका माणूस मात्र ओनील घराण्यातला आहे. कॉन ओनीलने १५४२ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपुढे गुडघे टेकून टिरोनची अर्ल ही पदवी घेतली आणि आपल्या मागे मॅथ्यूला वारस लावला. हा मॅथ्यू डंडॉकच्या केली नावाच्या लोहाराच्या घरात वाढलेला. तो वयात येत असताना लोहाराच्या बायकोने सांगितलं, पोर कॉनचं आहे. कॉनने मान्य केलं. जुन्या आयरिश कायद्यात बापाने पदरात घेतलेला मुलगा औरस मुलाइतकाच पक्का. शिवाय प्रमुख व्हायला थोरलेपण लागत नसे. एका पणज्याच्या वंशातले सगळे पुरुष पात्र, त्यातला कुळाला पटेल तो बसायचा. कॉनचा लग्नाचा मुलगा शेन खवळला. त्याच्या माणसांनी १५५८ मध्ये मॅथ्यूला मारलं. पण मॅथ्यूचा मुलगा ह्यू उरला. त्याने पुढे एलिझाबेथ राणीच्या फौजांना कित्येक वर्षं दमवलं आणि १६०७ मध्ये राथमुलनच्या धक्क्यावरून कुटुंबासह कायमचा देश सोडला. ज्या ह्यूच्या नावाने आज जगभरचे ओनील छाती फुगवतात, त्याचा आजा सरदार की लोहार हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. आणि याने ह्यूचं काहीच बिघडत नाही. मला हे फार आवडतं. का आवडतं ते नका विचारू.

त्यातच डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जून १९२२ मध्ये यादवी युद्धात जळालं. शतकांची मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या, १८२१ ते १८५१ च्या जनगणना, सगळ्याची राख. तलाठी सज्जाला वाळवी लागली तरी मला दोन दिवस जेवण जात नसे.

तर सरदार. मराठ्यांशी लढलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली माहीत असेल. १८०३ ची असईची लढाई, आत्ताच्या जालना जिल्ह्यात. त्याचा थोरला भाऊ तेव्हा गव्हर्नर जनरल. हे वेलस्ली मुळातले वेलस्ली नव्हेत. त्यांचा आजा रिचर्ड कॉली. १७२८ मध्ये दूरच्या नात्यातल्या गॅरेट वेस्लीची मीथ परगण्यातली जहागीर त्याला मिळाली आणि त्याने आडनाव बदललं. होम नाही, मांडीवर घेणं नाही. जमीन घ्या आणि नाव चालवा, झालं. अशी उदाहरणं त्या घराण्यांत ढिगाने आहेत. आणि हीच माणसं इकडे येऊन दत्तक खरा की खोटा हे ठरवत होती! माझ्या या नादाचं मूळ इथे आहे. साताऱ्याचा माणूस स्कॉटिश वंशावळ उघडतो तेव्हा तो आधी एकच आडनाव शोधतो.

साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज एप्रिल १८४८ मध्ये गेले. मरणाच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहात वारसांचा उल्लेख होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत दत्तक मानावा असं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही. त्याचं म्हणणं, दत्तकाला खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. पुढे नागपूर, झाशी, ते तुम्हाला पाठ आहे.

आता हा डलहौसी कोण? जेम्स रॅमझी, डलहौसीचा दहावा अर्ल. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये मार्क्विस झाला, ही अर्लच्या वरची पदवी. त्याची आई क्रिस्टियन ब्राउन ही कोलस्टन इस्टेटीची वारसदार. त्याचे चुलते विल्यम रॅमझी यांना आजीच्या भावाची, पॅनम्यूरची इस्टेट मिळाली, म्हणून ते विल्यम मॉल झाले. डलहौसी १८६० मध्ये वारला. मुलगा नव्हता. मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबर संपली आणि अर्लकी गेली चुलतभावाकडे, म्हणजे रॅमझी रक्ताच्या, मॉल आडनावाच्या फॉक्स मॉलकडे. अर्ल झाल्यावर त्याने रॅमझी हे आडनाव पुन्हा जोडून घेतलं. तोही १८७४ मध्ये मुलाविना गेला आणि त्याची बापाकडून आलेली पॅनम्यूरची बॅरनकीही बुडाली.

हे मला सापडलं तेव्हा मी ढोंगी, ढोंगी म्हणत घरभर फिरलो होतो. त्या वेळच्या माझ्याशी माझं आजही भांडण आहे. कारण डलहौसी ढोंगी नव्हता, हीच अडचण आहे. त्याच्या चुलत्याला इस्टेट मिळाली, आडनाव मिळालं, पण मॉलांची जुनी अर्लकी मिळाली नाही. बॅरन व्हायला १८३१ मध्ये नवी सनद लागली. घरात जो नियम पाहिला तोच माणसाने साताऱ्याला लावला. जमीन दस्ताने जाईल, पदवी रक्ताने. म्हणजे प्रामाणिक होता म्हणायचं का? तर तेही माझ्याच्याने म्हणवत नाही. साताऱ्याची गादी काय विंडसरच्या राणीने दिलेली पदवी होती? तह झाला होता तह. इथे माझा रक्तदाब वाढतो आणि बायको चष्मा काढून घेते.

व्याख्यानात मात्र मी एक वाक्य हमखास टाकतो, "ज्याने आमचं राज्य वारस नाही म्हणून खालसा केलं, त्याची स्वतःची पदवी बारा वर्षांत वारस नाही म्हणून खालसा झाली." टाळ्या पडतात. आमच्याच जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पडल्या, शिट्टीही आली. मग प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतून डोक्यावर पदर घेतलेल्या साठीच्या एक बाई उठल्या.

"सायेब, त्याला मूल न्हवतं का मुलगा न्हवता?"

"मुलगा नव्हता. मुली दोन होत्या."

"मग त्यांचं काय झालं?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण उत्तर तयार होतं. थोरली सुझन, तिला आजीची कोलस्टन इस्टेट मिळाली. तिने रॉबर्ट बर्क या आयरिश सरदारपुत्राशी लग्न केलं, तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. धाकटी एडिथ, तिचं १८५९ मध्ये लग्न झालं सर जेम्स फर्ग्युसन यांच्याशी, स्कॉटलंडमधल्या किलकेरनचे जहागीरदार. ती १८७१ मध्ये गेली. ते १८८० मध्ये मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. पुण्याचं कॉलेज त्यांच्याच नावाचं, बाराशे रुपये देणगी दिली होती त्यांनी. सभागृहात एकदम गलका. "म्हणजे आपलं फर्ग्युसन डलहौसीच्या जावयाचं?" हो, जावयाचं. मी रंगात येऊन एडिथचा मुलगा चार्ल्स आणि नातू बर्नार्ड हे दोघेही न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाल्याचं सांगून टाकलं. अध्यक्ष खूश. लोक आपसात बोलू लागले.

बाई उभ्याच होत्या.

"म्हंजे थोरलीला जमीन मिळाली."

"मिळाली."

"मला न्हाई मिळाली. हक्कसोडवर सही घेतली, नोंद धरली, तवा सर्कल तुम्हीच व्हता."

अध्यक्षांनी माइक ओढून "ताई, प्रश्न विषयाला धरून विचारा" असं म्हटलं. त्या बसल्या. मला चेहरा आठवत नव्हता. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवत नाही. हक्कसोडपत्रांच्या, म्हणजे बहिणीने जमिनीतला हिस्सा भावाला सोडून दिल्याच्या, नोंदी इतक्या केल्या की चेहरे राहत नाहीत. राहते ती आकृती. बहीण मध्ये, भाऊ शेजारी, पिशवीत नवं लुगडं.

आता माझी बाजू ऐका. दस्त नोंदणीकृत होता, सही दुय्यम निबंधकासमोर झालेली, माझ्यासमोर नव्हे. माझ्याकडे फक्त फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद. हरकत मागवणारी नमुना ९ ची नोटीस निघाली असणार, पंधरा दिवस थांबलो असणार, हरकत आली नसणार. हरकत नसताना नोंद प्रमाणित न करण्याचा अधिकार सर्कलला नाही. राजीखुशीने का, हे मी सगळ्यांना विचारत असे आणि सगळ्या हो म्हणत. भाऊ शेजारी उभा असताना बहीण काय म्हणेल, हे मला कळत नव्हतं असंही नाही. पण कळण्याचा रकाना फेरफारात नसतो.

शिवाय तुलना बरोबर नव्हती. लेडी सुझनला जमीन मिळाली कारण तिला भाऊ नव्हता. भाऊ असता तर तिलाही लग्नात रक्कम देऊन वाटेला लावलं असतं. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा कायदा स्कॉटलंडमध्ये १९६४ पर्यंत होता. आपल्याकडे तर १९९४ पासून राज्याच्या कायद्याने तोवर लग्न न झालेल्या मुलींना, आणि २००५ पासून देशाच्या कायद्याने त्या बाईंसकट सगळ्याच मुलींना भावाच्या बरोबरीचा हिस्सा. म्हणजे कागदावर बाईंचा हक्क डलहौसीच्या लेकीपेक्षा मोठा होता. हा मुद्दा अगदी अचूक आहे, आणि त्या सभागृहात तो मांडायची माझी छाती झाली नाही.

घरी येऊन मी माझ्या वह्या काढल्या. ओनीलांच्या वंशवृक्षात लोहाराची बायको आहे, कारण तिच्या एका शब्दावर टिरोनची गादी फिरली. डलहौसीकडे क्रिस्टियन ब्राउन आहे, कारण तिच्यामागे कोलस्टन आहे. बाकीच्या बायका "दोन मुली", "तीन मुली" अशा आकड्यांत. मी उतरवून घेतानाही आकडाच उतरवला. छापील ग्रंथात तसंच आहे, मी काय नावं पैदा करू? पण एडिथ आकड्यात राहिली असती तर फर्ग्युसन मला सापडला नसता, हेही खरं. आणि फर्ग्युसन सापडल्यामुळे एडिथ महत्त्वाची ठरली, हे त्याहून खरं. कोणतं आधी, ते मला लावता येत नाही.

म्हणून विचारता ना, काय घेऊन बसलात? हे घेऊन बसलोय. व्याख्यानाला पुन्हा बोलावणं आलंय, दुसऱ्या गावी. खालसावालं वाक्य राहील, कारण ते खरं आहे आणि डलहौसीची कीव करण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. त्याच्या लेकींचं त्या वाक्याच्या आधी सांगायचं की नंतर, यावर मुलगी फोनवर एक सांगते आणि पुण्याचा मुलगा दुसरं. गावची सव्वा एकर कुणाच्या नावावर करणार, असंही हल्ली दोघा-तिघांनी विचारलं. त्याचं उत्तर या लेखात नाही.