मरखा खोऱ्यातून आठ दिवस : चिलिंग ते शांग सुमदो

लडाखमधील मरखा खोऱ्याचा ट्रेक आम्ही चौघांनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपवला. हा काळ आम्ही विचारपूर्वक निवडला होता. जुलैमध्ये बर्फ वेगाने वितळत असल्यामुळे मरखा नदीला पाण्याचा जोर असतो, तर सप्टेंबर सरत आला की निमालिंगच्या कुरणावरील मेंढपाळ खाली उतरू लागतात आणि वरच्या मुक्कामांवर गारठा असह्य होतो. मधल्या पंधरा-वीस दिवसांत नदी ओसरलेली असते, आकाश बहुधा निरभ्र असते आणि गावोगावी सातूची कापणी चाललेली असते.

मुंबईहून दिल्लीमार्गे विमानाने लेहला पोहोचणाऱ्याने एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, आणि लेहच्या विमानतळावर उतरतानाच आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आम्ही तेथे तीन रात्री काढल्या. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा, दुसऱ्या दिवशी शांती स्तूपापर्यंत सावकाश चाल आणि तिसऱ्या दिवशी कामे. हा मार्ग हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जातो, त्यामुळे वन्यजीव विभागाचे शुल्क भरून त्याची पावती जवळ ठेवावी. रोख पैसे लेहमध्येच काढावेत, कारण पुढे खोऱ्यात एटीएम नाही. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड लेहमध्ये चालते, परंतु खोऱ्यात शिरल्यावर तेही बहुतेक ठिकाणी मुके होते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

लेहहून निम्मूपर्यंत सिंधूच्या काठाने आणि तेथून झंस्कार नदीच्या काठाने चिलिंगपर्यंत गाडीने गेलो. चिलिंग हे तांबे-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. शे येथील बुद्धमूर्ती घडवण्यासाठी सतराव्या शतकात नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज, असे तेथे सांगतात. पूर्वी येथे झंस्कार ओलांडायची ती तारेवरून ओढल्या जाणाऱ्या पाळण्यात बसून. आता पूल आहे आणि वाहनरस्ता मरखा खोऱ्यात आत सरकत चालला आहे. रस्त्यामुळे ट्रेकची मजा गेली, असे काही जुने भटके म्हणतात. मला ते पटत नाही. हिवाळ्यात आजारी माणसाला बर्फातून पाठीवर घेऊन चालत जावे लागलेल्या कुटुंबांची ही गावे आहेत, आणि वर्षातून आठ दिवस येणाऱ्या पाहुण्याने त्यांच्या रस्त्याबद्दल तक्रार करणे योग्य नाही. ज्यांना धूळ नको असेल त्यांनी जिंगचेनहून युरुत्से आणि गांडा ला मार्गे स्क्यूला उतरावे. त्या वाटेने दोन-तीन दिवस वाढतात, आणि सुमारे ४,९०० मीटरची ती खिंड ओलांडण्यापूर्वी शरीर उंचीला नीट सरावलेले असावे लागते.

पहिला मुक्काम स्क्यूला झाला. या खोऱ्यात तंबू न नेता घराघरांत राहता येते, आणि आठ दिवसांतील सर्वांत मोलाचे जे काही होते ते मला या घरांतच मिळाले. त्यामागची कथा समजून घेण्यासारखी आहे. हिमबिबट्या, ज्याला लडाखीत ‘शन’ म्हणतात, रात्री गोठ्यात शिरला तर एकाच वेळी अनेक मेंढ्या मारतो. एका रात्रीत वर्षाची पुंजी गेलेला माणूस त्या जनावराचा वैरी झाला, तर त्यात नवल नाही. या शतकाच्या सुरुवातीला रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेने हेमिस परिसरातील गावांबरोबर काम करून गोठ्यांना वरून जाळ्या बसवल्या आणि पाहुण्यांना घरी ठेवून उत्पन्न मिळवण्याची पद्धत रुजवली. गावात घरांची पाळी लावलेली असते. आपल्याला आवडलेल्या घराचा हट्ट न धरता ज्यांची पाळी असेल त्यांच्याकडे जावे, आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नये.

घरात शिरताना ‘जुले’ म्हणावे; हाच शब्द नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींसाठी चालतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला ‘आमा-ले’ म्हणतात, आणि ते ‘ले’ आपल्या ‘जी’सारखेच आदराचे आहे. स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली असते. चुलीभोवती सतरंज्या, समोर बुटकी चौरंगासारखी टेबले आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मांडून ठेवलेली तांब्या-पितळेची भांडी. रात्री कणकेचे तुकडे भाजीत शिजवलेले स्क्यू किंवा भात, डाळ आणि भाजी मिळते. सकाळी खंबीर ही जाड रोटी आणि चहा. लोण्याचा खारट चहा पहिल्या दिवशी जड वाटला, चौथ्या दिवशी आम्ही तो मागून घेत होतो. भाजलेल्या सातूचे पीठ चहात कालवून खाताना आजीच्या हातच्या सातूच्या पिठाची आठवण झाली आणि तसे मी सांगितल्यावर आमा-लेंनी आणखी एक मूठ वाढली. शाकाहारी माणसाची येथे अजिबात अडचण होत नाही, पण आदल्या संध्याकाळीच तसे सांगावे.

स्क्यू ते मरखा हे अंतर वीस किलोमीटरहून अधिक आहे. ते एका दिवसात काटणारे बरेच आहेत, परंतु आम्ही मध्ये सारा येथे थांबलो आणि तो निर्णय चांगला ठरला. या टप्प्यात नदी अनेकदा जवळ येते आणि पुलाच्या आधाराशिवाय ओलांडावीही लागते. येथे घड्याळाला फार महत्त्व आहे. बर्फ दिवसा वितळते, त्यामुळे सकाळी मांडीखाली असलेले पाणी दुपारनंतर कमरेपर्यंत येऊ शकते. म्हणून नदी सकाळीच ओलांडावी. पट्ट्याच्या सँडल वेगळ्या ठेवाव्यात, पाठीवरील पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेल्यास ती टाकता येते, आणि प्रवाहाकडे तोंड करून काठीचा तिसरा पाय करत आडवे सरकावे.

वाटेत लांबच लांब मणी भिंती लागतात. ‘ओं मणि पद्मे हुं’ कोरलेले हजारो दगड त्यांवर रचलेले असतात. भिंत आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने चालावे आणि एकही दगड उचलू नये.

मरखा हे खोऱ्यातील सर्वांत मोठे गाव, सुमारे ३,८०० मीटरवर. गावाच्या वर पडक्या गढीचे अवशेष आहेत. पुढच्या सकाळी कड्यावर बसवल्यासारखी दिसणारी तेचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, लागते. चढ अर्ध्या तासाचा आहे, तो टाळू नये. उमलुंगच्या आसपास कांग यात्सेचे ६,४०० मीटरचे शिखर पहिल्यांदा समोर येते आणि मग निमालिंगपर्यंत ते दृष्टीआड होत नाही. हांकर येथे पोहोचलो तेव्हा सगळे गाव शेतात होते. कापलेल्या सातूच्या पेंढ्या पाठीवर घेऊन बाया-माणसे गात चालली होती. आमच्या यजमानांच्या शेतात आम्हीही तासभर पेंढ्या वाहिल्या, आणि ४,००० मीटरवर पेंढी वाहणे काय असते ते कळले.

आता आमच्या चुकीविषयी लिहितो, कारण हा वृत्तांत लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. हांकरनंतर सुमारे ४,२५० मीटरवर थाचुंगत्से हा मुक्काम येतो. तेथे गाव नाही, फक्त तंबूची जागा आहे. आम्हाला वाटले, तीन तासांवर कशाला थांबायचे? म्हणून आम्ही थेट निमालिंगला गेलो, म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची सुमारे ८०० मीटरने वाढवली. ३,००० मीटरच्या वर ही वाढ रोज ५०० मीटरहून अधिक असू नये, हा नियम आम्हाला ठाऊक होता. पाय चालत होते म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला. निमालिंगला, ४,८०० मीटरवर, संध्याकाळी माझ्या मित्राचे डोके दुखू लागले. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. तो आमच्यात सर्वांत तंदुरुस्त, दर रविवारी सिंहगड चढणारा. तंदुरुस्ती आणि उंचीचा त्रास यांचा काही संबंध नसतो, हे मी वाचले होते, पण त्या रात्री ते खरे समजले. त्याला सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालायला लावले. तोल जात नव्हता, श्वासही शांत होता, म्हणून पहाटेपर्यंत एकजण त्याच्याजवळ जागा राहिला. तोल गेला असता, बोलणे असंबद्ध झाले असते किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर अंधारातच उतरायचे असे आम्ही ठरवले होते, आणि तसेच करायला हवे.

पहाटे डोकेदुखी कायम होती. कोंगमारू ला ही ओलांडायची खिंड तेथून केवळ चारशे-साडेचारशे मीटर वर होती, पलीकडे उतार होता, आणि ‘एकदा वर चढलो की खालीच जायचे आहे’ हा विचार आमच्यापैकी एकाने बोलूनही दाखवला. हाच विचार सर्वांत घातक आहे. त्रास होत असलेल्या माणसाला आणखी उंच न्यायचे नसते, मग पलीकडे काहीही असो. आम्ही मागे वळून थाचुंगत्सेला उतरलो. दुपारी त्याने स्वतःहून जेवण मागितले. तेथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी आम्ही सावकाश पुन्हा निमालिंगला गेलो आणि या वेळी कुणालाही काही झाले नाही. म्हणून थाचुंगत्से वगळू नका, आणि वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवा. तो दिवस नसता, तर परतीच्या विमानाच्या तिकिटाने आमच्याकडून चुकीचा निर्णय करून घेतला असता. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ती गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.

निमालिंगचे पठार दुसऱ्या खेपेस अधिक डोळे भरून पाहिले. खालच्या गावांतील कुटुंबे उन्हाळ्यात मेंढ्या, बकऱ्या आणि याक घेऊन येथे दगडी आडोशांत राहतात. संध्याकाळी शेकडो मेंढ्या कांग यात्सेच्या पायथ्यावरून उतरतात, तेव्हा आधी धूळ दिसते आणि मग आवाज येतो. मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातील बिळात राहणारे गुबगुबीत प्राणी, बिळांबाहेर उभे राहून शिट्ट्या घालतात. हंगामात मुक्कामाचे तंबू, जेवण आणि पांघरुणे मिळतात, तरी स्वतःची उबदार स्लीपिंग बॅग हवीच. सकाळी बाटलीतले पाणी गोठले होते.

कोंगमारू ला सुमारे ५,२०० मीटरच्या वर आहे. पहाटे साडेपाचला निघून आठपर्यंत आम्ही माथ्यावर होतो. वारा, फडफडणाऱ्या प्रार्थना-पताका आणि समुद्रसपाटीच्या मानाने साधारण निम्मा प्राणवायू. पंधरा मिनिटे थांबून उतरायला लागलो. बहुतेकांना चढाची भीती असते, पण खरा थकवणारा भाग पुढचा आहे. शांग सुमदोपर्यंत दीड हजार मीटरहून अधिक उतरायचे असते, आणि बरीचशी वाट अरुंद घळीतून, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत, तांबड्या-जांभळ्या कड्यांखालून जाते. गुडघ्यांसाठी दोन काठ्या घ्याव्यात. ढग दाटले असतील तर घळीत शिरू नये आणि ओढ्याच्या पात्रात तर कधीच तंबू लावू नये. २०१० च्या ऑगस्टमधील ढगफुटीने लडाखमधील असे कोरडे ओढे काय करू शकतात, हे दाखवून दिले आहे.

चोकदोला पोहोचल्यावर पुन्हा झाडे आणि शेते दिसली. शांग सुमदोहून लेहसाठी गाडी मिळेलच असे नाही, म्हणून ती लेहमध्येच ठरवून ठेवावी आणि चालकाला एक दिवस उशीर होण्याची शक्यता आधीच सांगावी. आमचा चालक आदल्या दिवशीही येऊन थांबला होता. आम्ही आलो नाही तेव्हा वरून उतरलेल्या घोडेवाल्याकडे चौकशी करून, एकजण आजारी आहे पण सुखरूप आहे हे कळल्यावरच तो परतला होता. त्याला त्या खेपेचेही भाडे दिले.