लीडची चाल

रविवार, रात्री

आज मुलींच्या बास्केटबॉल फायनलला आम्ही तिघं पंच होतो. आमच्याकडे बहुतेक सामने दोघांवरच निभावतात, म्हणून तिसरा जोडीदार मिळाला की फार बरं वाटतं. 28 बाय 15 मीटरच्या कोर्टावर दहा जणी. दोघांनी पाहायचं म्हटलं, तर चेंडूपासून लांबची ढकलाढकल हमखास नजरेतून निसटते.

तिसऱ्या क्वार्टरमधलं एक आक्रमण अजून डोळ्यांपुढे आहे. मी लीडला, म्हणजे बास्केटमागच्या बेसलाइनबाहेर उभ्या पंचाच्या जागी. दुसरा पंच, ट्रेल, माझ्याच बाजूला वर, मध्यरेषेकडे; तिसरा, सेंटर, पलीकडे फ्री थ्रो लाइनच्या रेषेत. चेंडू फिरत फिरत सेंटरच्या बाजूला गेला. मी लगेच पलीकडे गेलो नाही. आधी पेंटच्या, म्हणजे बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, कडेपर्यंत सरकलो आणि पाहिलं: शॉट नाही, ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी) नाही, पास पोस्टमध्ये, बास्केटजवळ उभ्या मुलीकडे, जाणार. मग निघालो. झपझप, पण चालत. धावलं की नजर हलते, आणि त्या दोन-तीन सेकंदांत पोस्टमधल्या दोघी माझ्याच असतात. ट्रेल खाली उतरून सेंटर झाला. जुना सेंटर मात्र मी पोहोचेपर्यंत जागेवर थांबला, मगच वर जाऊन ट्रेल झाला. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. तो आधीच निघाला असता, तर त्या बाजूची ड्राइव्ह कोणी पाहिली असती?

पलीकडे पोहोचलो तेव्हा दोघींच्या मधली फट स्वच्छ दिसत होती. बचाव करणारीचा कोपर पुढचीच्या पाठीत रुतलेला. शिट्टी दिली. जुन्या जागेवरून मला फक्त पाठ दिसली असती, आणि अंदाजाने फाऊल देणं मला मान्य नाही. जवळ असण्यापेक्षा फट दिसणं महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्याच आक्रमणात चेंडू पुन्हा सेंटरकडे गेला, पण त्या मुलीने थेट ड्राइव्ह मारली. मी पेंटच्या कडेलाच थांबलो. निर्णय सेंटरने घेतला, आणि तो त्याचाच होता.

नव्या पंचांच्या सरावात हीच चाल आधी चेंडूशिवाय करून घेणार आहे. बेसलाइनबाहेरून चालायचं, मान पोस्टकडे वळलेली. मध्येच मी ‘ड्राइव्ह’ ओरडलो की पाय थांबले पाहिजेत, नजर नाही.