कासवाचं ऊन
कोल्हापूरचा जुलै, ऊन कुठलं दिसायला! आज भाच्याच्या सल्काटा या आफ्रिकन कासवाच्या पेटीतले दिवे नीट बसवून दिले. (पाळलेल्या परदेशी प्राण्यांची सरकारी नोंद होते त्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे ना, हे आधी विचारलं.) गरम दिवा आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी ट्यूब एकाच टोकाला, बरोबर वरून, बाजूनं लावलं की उजेड थेट डोळ्यांत जातो. मध्ये काच अजिबात नको, ती यूव्हीबी अडवते. मग डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. दिव्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा, तिथं ३५ अंश. दुसऱ्या टोकाला सावली, २५ च्या आसपास. दिवा साखळीनं टांगलाय, नुसत्या क्लिपवर भरवसा नको. थोड्या वेळानं गडी फरशीवर चढला, मान लांब काढली, मागचे पाय पसरून निवांत पडला. लई भारी वाटलं! रात्री दिवे बंद ठेव, एवढं भाच्याला बजावून आलोय.