राहिलेले ३ मिलिमीटर

भुवयांच्या मधोमध पट्टी ठेवली, केसांच्या रेषेपर्यंत ८ सेंटिमीटर भरलं. बायकांचं कपाळ साधारण साडेपाच ते साडेसहा असतं. पेशंट २९ वर्षांची. कपाळ लहानपणापासूनच मोठं, ते शस्त्रक्रियेने लहान करून हवं होतं. केस दाट, घरात कुणाला टक्कल नाही. हे आधी विचारावंच लागतं, कारण पुढे केस मागे हटत गेले तर कपाळावरचा व्रण उघडा पडतो.

नुसत्या केसरोपणाला दीड हजारांवर ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके) लागले असते, शिवाय डोक्यामागचे जाड केस कपाळाच्या कडेला राठ दिसतात. डोक्याची कातडी बोटांनी छान पुढेमागे सरकत होती, म्हणून तीच पुढे ओढायचं ठरलं. घट्ट असती तर आधी आत फुगा बसवून, काही आठवडे सलाइन भरत ती ताणून घ्यावी लागली असती. बेत २ सेंटिमीटरचा होता.

छेद रेषेच्या २-३ मिलिमीटर मागे, नागमोडी घेतला. पातं तिरकं धरून केसांची मुळं आत राखायची आणि वरचा भाग कापायचा. पुढे तेच केस व्रणातून उगवतात आणि व्रण झाकतात. मग गेलियाखालच्या (गेलिया म्हणजे डोक्याच्या कातडीच्या आतला चिवट पडदा) सैल थरातून कातडी मोकळी केली आणि ओढली. जेमतेम १.२ सेंटिमीटर!

मोकळीक टाळूपर्यंतच पोचली होती. डोक्याच्या मागच्या उतारापर्यंत गेल्यावर १.४ झालं. गेलियावर आतून तीन आडवे छेद दिले, दर छेदाला मिलिमीटरभर मिळालं. इथे हात फार हलका हवा: रक्तवाहिन्या आणि केसांची मुळं गेलियाच्या लगेच वर असतात. एकूण १.७. तिथेच थांबलो.

उरलेले ३ मिलिमीटर जोर लावून नक्की आले असते. पण तो ताण टाक्यांवर येतो. कडेचा रक्तपुरवठा कमी पडतो, केस गळतात आणि व्रण रुंदावतो. कपाळावर २ सेंटिमीटरची खूण होती, पण तिथली कातडी अजून कापली नव्हती, हे फार मोलाचं. आधी ओढायचं, मग जेवढी कातडी झाकली गेली तेवढीच काढायची. उलट क्रम केला असता, तर त्या फटीला ताणून शिवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कवटीच्या बाहेरच्या थरात छोटे बोगदे पाडून गेलिया दोऱ्याने हाडाला बांधला. भार हाडावर, कातडीचे टाके सैल. तिला सगळं नीट सांगितलं: टाळू बधिर राहील, संवेदना यायला सहा महिने ते वर्ष लागेल, कडेचे काही केस गळून पुन्हा येतील.

सहा महिन्यांनी व्रणातून केस आले होते. कानशिलाकडचे कोपरे ओढून फारसे खाली येत नाहीत, तिथे ग्राफ्ट लावायचेच होते. त्याच बैठकीत रेषेपुढे एकेका केसाचे ग्राफ्ट लावून राहिलेले ३ मिलिमीटरही भरले.