ऑपरेशनच्या सकाळची बीटा ब्लॉकर

भूल देण्याआधीच्या तपासणीला मी पेशंटला गोळ्यांची पाकिटंच घेऊन यायला सांगतो. ‘बीपीची छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावर माझं भागत नाही. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी उतरवणारी गोळी. तिचे दोन प्रकार: हळूहळू सुटणारी सक्सिनेट दिवसातून एकदा घ्यायची, टार्ट्रेट दोनदा; नेमका हाच शब्द जुन्या चिठ्ठीवर लिहायचा राहिलेला असतो.

गोळी आधीपासून चालू असेल तर ऑपरेशनच्या दिवशीही चालूच. ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की बरेच जण गोळीही गाळतात. महिनोन्‌महिने बीटा ब्लॉकर घेतल्यावर हृदयावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे ॲड्रेनलिन जिथे चिकटतं त्या जागा, वाढलेले असतात. गोळी अचानक बंद झाली की ॲड्रेनलिनला रान मोकळं. नाडी उसळते, अरुंद धमन्यांतून रक्त पुरत नाही. म्हणून मी कागदावर स्पष्ट लिहितो: सकाळी ६ वाजता, दोन घोट पाण्याबरोबर. सक्सिनेट चुरायची नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. नाडी ५० च्या खाली किंवा वरचं बीपी १०० च्या आत असेल, तर मात्र आधी मला विचारायचं.

नवी गोळी आदल्या रात्री सुरू करा, असा आग्रह अजूनही होतो. मी नाही म्हणतो. २००८ च्या ‘पॉइज’ अभ्यासात ८,३५१ रुग्ण होते. ऑपरेशनच्या २ ते ४ तास आधी थेट १०० मिलिग्रॅम मेटोप्रोलॉल सुरू केलं, तेव्हा हार्ट ॲटॅक ५.७ टक्क्यांवरून ४.२ वर आले, पण मृत्यू २.३ वरून ३.१ वर आणि पक्षाघात ०.५ वरून १ टक्क्यावर गेले. बीपी पडणं हे त्यामागचं मोठं कारण. खरंच गरज असेल तर किमान आठवडाभर आधी, २५ मिलिग्रॅमसारख्या लहान डोसपासून, नाडी-बीपी मोजत.

ऑपरेशननंतर नाडी ११० झाली की वॉर्डातून फोन येतो, ‘बीटा ब्लॉकरचं इंजेक्शन देऊ का?’ आधी वेदना, रक्तस्राव, पाण्याची कमतरता, ताप बघायचा. उलट बाजूही आहे: गोळी घेणाऱ्याच्या पोटात रक्त साचत असलं तरी नाडी ८० च दिसू शकते. मधुमेह्याची साखर उतरली तर धडधड, थरथर दबते, घाम मात्र सुटतो. ओलं कपाळ दिसलं की मी ग्लुकोमीटर मागवतो.